घाटापल्याड मजकूर: ४० मीटरवर जेएस८कॉल, आतापर्यंतची नोंद

जेएस८कॉल म्हणजे संगणक आणि हॅम रेडिओ जोडून इंटरनेटशिवाय मजकूर पाठवायचा प्रोग्रॅम, आणि ४० मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड. सध्या कुठवर आलंय ते आधी. दिवसा गोव्यातून कोल्हापूर-बेळगाव-पुणे पट्ट्यात २० वॅटवर मजकूर सुरळीत जातो-येतो. तिसऱ्या स्टेशनवर निरोप ठेवायचा आणि ज्याचा त्याने सवडीने उचलायचा, हेही बसलंय. पहाटे जवळची स्टेशनं गप्प होतात, तो प्रश्न अर्धा सुटलाय. बॅटरीवर दिवस काढणं बाकी आहे.

दोन मीटरवर (१४४ मेगाहर्ट्झ, व्हीएचएफ) का नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. किनाऱ्यावरून पूर्वेला बघितलं की सह्याद्री आडवा. पणजी-म्हापशातला व्हीएचएफ सिग्नल चोर्ल्यावरून बेळगावात उतरवायचा तर डोंगरावर डिजिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं यंत्र) हवा, आणि पावसाळ्यात त्याच्याकडे बघायला माणूस हवा. ४० मीटरला घाटाचं काही पडलेलं नसतं. सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित एफ-२ थरावरून खाली येतो. मात्र त्यासाठी अँटेना खाली बांधावी लागते. डीएक्सची (दूरदेशी स्टेशनं पकडण्याची) सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

अँटेना: झाली. इन्व्हर्टेड व्ही (मधोमध उंच, दोन्ही टोकं खाली उतरलेली तार), शेंडा ७-८ मीटरवर, टोकं अडीच-तीन मीटरवर. तार घरगुती वायरिंगची, १.५ चौरस मिमी मल्टिस्ट्रँड. ७.०७८ मेगाहर्ट्झला उघड्या तारेचा हिशेब एका बाजूला १०.०७ मीटर येतो. पीव्हीसीच्या आवरणामुळे प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमी लागते. तरी १०.४ मीटर कापा, जादा तार टोकाला मागे दुमडून बांधा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघत दुमड वाढवा. कापून मोकळं होऊ नये, कारण पावसात भिजलेल्या झावळ्या जवळ असल्या की रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) खाली सरकतो आणि तीच दुमड पुन्हा हलवावी लागते. दोरी माडाला घट्ट बांधली तर पहिल्याच वाऱ्यात तार तुटते. कप्पी लावून दोरीच्या टोकाला वाळू भरलेली दोन लिटरची बाटली लटकवली की माड झुलतो आणि तार जागेवर राहते.

कोॲक्सच्या (रेडिओ-अँटेना जोडणाऱ्या केबलच्या) सांध्याला सिलिकॉन फासताना आधी वास घ्या. व्हिनेगरचा वास येत असेल तर ते तांब्याला खातं. समुद्राकाठी मीठ आणि ते मिळून एका पावसात केबलमधली तांब्याची वेणी हिरवी-काळी करतात. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, किंवा आधी सेल्फ-फ्युजिंग टेप आणि वरून साधी पीव्हीसी टेप. केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाणी अडवायला बनवलेलाच नाही.

इंटरफेस (रेडिओ-संगणक जोडणी): इथेच सगळ्यांचा वेळ जातो. आयसी-७३०० सारख्या रेडिओत साऊंड कार्ड आतच असतं, एक यूएसबी केबल पुरते. जुन्या रेडिओला बाहेरचं यूएसबी साऊंड कार्ड आणि दोन्ही दिशांना ६००:६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर लावा, म्हणजे ग्राउंड लूपची घरघर येत नाही. साऊंड कार्ड साधारण एक व्होल्ट देतं. मागच्या डेटा पोर्टला त्याचा दहावा भाग लागतो, म्हणून १० किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी). माइकच्या जॅकला शंभरावा भागही भरपूर, तिथे १० किलोओहम आणि १०० ओहम. हा डिव्हायडर गाळून फक्त व्हॉल्यूम खाली ओढला तर स्लायडर दोन टक्क्यांवर अडकतो आणि बारीक जुळवणी जमतच नाही.

पीटीटीसाठी (रेडिओला ट्रान्समिटवर टाकणाऱ्या स्विचसाठी) पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने चालणारा स्विच) आणि यूएसबी-सीरियल अॅडॉप्टर. सीएच३४० च्या स्वस्त टीटीएल अॅडॉप्टरवर आरटीएस (प्रोग्रॅम वर-खाली करतो ती पिन) उलटा चालतो: शांत असताना वर, चालू झाला की खाली. त्यामुळे एलईडीचं धन टोक १ किलोओहममधून अॅडॉप्टरच्या व्हीसीसीला (वीजपुरवठ्याच्या पिनला) आणि ऋण टोक आरटीएसला. व्हीसीसी ५ व्होल्टवर आणि लॉजिक ३.३ व्होल्टवर ठेवलं तर एलईडी अर्धवट पेटलेला राहतो आणि रेडिओ अधूनमधून आपोआप ट्रान्समिटवर जातो. संगणक सुरू होताना आरटीएस वर-खाली होऊ शकतो, तेव्हा रेडिओ नंतर लावा.

नेहमीचा बिघाड असा: पाठवायला घेतलं की दोन-तीन सेकंदांत साऊंड कार्ड गायब आणि रेडिओ ट्रान्समिटवरच अडकलेला. पॉवर ५ वॅटवर आणून बघा. त्रास थांबला तर ड्रायव्हर बदलत बसू नका. कोॲक्सच्या बाहेरून आरएफ (रेडिओ ऊर्जा) घरात येतंय. शेंड्याला, फीडपॉइंटपाशी (केबल तारेला जोडते तिथे), एफटी २४०-३१ या फेराइट कोअरवर आरजी-५८ चे १०-१२ वेढे घाला आणि यूएसबी केबलवर ३१ मिक्सचा फेराइट लावा. यातला एकच उपाय करून बऱ्याचदा भागत नाही.

ऑडिओ जुळवताना एएलसीचा (ऑडिओ जास्त झाला की पॉवर आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हलता कामा नये. एएलसी हलायला लागेपर्यंत वाढवा, मग थोडं मागे या. १०० वॅटचा रेडिओ २०-२५ वॅटवरच ठेवा: नॉर्मल वेगात १५ सेकंदांच्या खणात १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर जाते, आणि लांब मजकुराला असे सात-आठ खण सलग. एसएसबीसाठी (आवाजात बोलण्यासाठी) बनवलेले फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) हे फार वेळ सोसत नाहीत.

घड्याळ: संगणकाचं, खऱ्या वेळेच्या दोन सेकंदांच्या आत हवं. पाऊस-वाऱ्यात वीज आणि इंटरनेट एकदमच जातात, तेव्हा यूएसबी जीपीएस लावलेला बरा. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला स्वतःचं घड्याळ नाही, तो जुनीच वेळ धरून उठतो. वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) सिग्नल ठळक दिसतात आणि डिकोड एकही होत नाही, तेव्हा पहिला संशय इथे घ्या. जीपीएसही नसेल तर प्रोग्रॅममधल्या टाइम ड्रिफ्टने वेळ हाताने सरकवता येते.

सेटिंगमध्ये ग्रिड (आपलं ठिकाण सांगणारा नकाशातल्या चौकोनाचा कोड) बघून भरा. ७४ अंश रेखांश गोव्यातूनच जातो: पणजी, म्हापसा, मडगाव एमके६५ मध्ये, वाळपई आणि काणकोण एमके७५ मध्ये, आणि पोळे चेकनाक्याकडे उतरलात की एमके७४. सगळे वेग एकाच वेळी डिकोड करायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर स्लो वेगावर हाका मारणारा माणूस दिसणारच नाही. ऑडिओमधले ५०० ते १००० हर्ट्झ हार्टबीटसाठी (मी इथे आहे, अशी आपोआप जाणारी हाक) सोडा, बोलणं त्याच्या वर.

आता मजकूर. नुसतं टाइप केलेलं समोरच्याच्या पडद्यावर येतं आणि वाहून जातं. समोरच्याच्या कॉलसाइननंतर (परवान्यावरच्या ओळखनावानंतर) एमएसजी (MSG) लिहिलं की ते त्याच्या इनबॉक्समध्ये पडतं आणि पोच येते. पण एमएसजीला चेकसम (सगळं नीट पोचलं का ते तपासणारा आकडा) असतो. एक फ्रेम (एका खणात जाणारा मजकुराचा तुकडा) हुकली की अख्खा निरोप बाद. म्हणून आठ फ्रेमच्या आत आटपा. देवनागरी जात नाही. मराठी रोमन अक्षरांत लिहिली तर जाते, पण प्रोग्रॅमचा आकुंचन-कोश इंग्रजी शब्दांचा आहे, त्यामुळे 'उद्या सकाळी नऊला' याला इंग्रजीतल्या तेवढ्याच मजकुरापेक्षा जास्त फ्रेम लागतात. वेळ आकड्यांत लिहा, गावांची नावं आधी ठरवून आखूड करा.

तिसऱ्याकडे ठेवायचं तर: ठेवणाऱ्याचं कॉलसाइन, एमएसजी टू, कोलन, घेणाऱ्याचं कॉलसाइन, मजकूर. कोलन राहिला तर निरोप ठेवणाऱ्याच्याच नावावर जमा होतो आणि दोघंही वाट बघत बसतात. घेणाऱ्याने क्वेरी एमएसजीएस विचारायचं. उत्तरात आयडी येतो, मग तो आकडा घालून क्वेरी एमएसजी. ठेवणाऱ्या स्टेशनचा ऑटो (आपोआप उत्तर देणं) बंद असेल तर उत्तर येणार नाही, आणि काही वेळ कुणी हात लावला नाही की आयडल टायमरही तो बंद करतो. बहुतेक 'निरोप हरवला' तक्रारी इथेच मिटतात.

पहाटेचं गणित वेगळं. एफ-२ ची क्रिटिकल फ्रिक्वेन्सी ७ मेगाहर्ट्झच्या खाली गेली की सरळ वर गेलेला सिग्नल परत येत नाही. बेळगाव-कोल्हापूर गप्प आणि परदेशी स्टेशनं भरभरून दिसतात. अशा वेळी पॉवर वाढवून उपयोग नाही. दिल्लीकडचं एखादं स्टेशन दोघांनाही ऐकत असतं, निरोप त्याच्याकडे ठेवा. खरा उपाय ३.५७८ मेगाहर्ट्झ, पण त्याला एका बाजूला २० मीटर तार लागते. आखूड तारेवर भागावं म्हणून लोडिंग कॉइल गुंडाळायचं काम चालू आहे. भर दुपारी उलट वातावरणातला खालचा डी थर सिग्नल शोषतो. तेव्हा स्लोवर जा, वेळ दुप्पट लागतो पण चारेक डेसिबल पदरात पडतात.

बॅटरी: ऐकताना रेडिओ १ अॅम्पिअर, पाठवताना ८, रास्पबेरी पाय ०.६. दहा टक्के वेळ पाठवलं तर सरासरी २.३, २० अॅम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरली तर सात तास. घरच्या इन्व्हर्टरवर रेडिओ चालवू नका, स्क्वेअर वेव्हचा गोंगाट ७ मेगाहर्ट्झवर सगळं झाकतो. सोलरचा एमपीपीटी (बॅटरी चार्ज करणारा) कंट्रोलरही तेच करतो का, ते ऊन पडलं की बघायचंय.