तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या कॉम्प्युटरच्या डब्यात जुनं विंडोज एक्सपी का?

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेला मुलगा, आयटीतला, माझ्या स्क्रीनवरची एक्सपीची ती हिरवी टेकडी बघून हसला. म्हणाला, "ताई, गिरगावात खाली मेट्रो धावायला लागली, आणि तुम्ही अजून एक्सपीवर?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "चालतंय ना, मग कशाला बदला." तोही बरं म्हणून गेला. हे उत्तर मी इतक्या जणांना दिलंय की आता ते खोटं आहे हे माझ्याही लक्षात येत नाही. एक्सपी आपणहून चालत नाही. ते चालवावं लागतं, आणि नव्या मशीनवर चालवणं म्हणजे रोजची मिनतवारी आहे.

कंजूषपणा म्हणाल तर तोही नाही. एक्सपी टिकवण्यावर मी जेवढे पैसे घातले त्यात दोन नवीन मशीन आली असती. माझ्या कपाटात साड्यांच्या खाली दोन जुने मदरबोर्ड आहेत, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेले, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. घरात कोणी आजारी पडलं तर लागेल म्हणून बायका औषधं ठेवतात, तसे मी ते ठेवलेत. जुन्या आठवणींचं वगैरे प्रेमही नाही हो. त्या टेकडीचं मला काही पडलेलं नाही. बदलायचा कंटाळा म्हणून ती तिथे आहे.

जे हा प्रश्न विचारतात त्यांना डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, बरंचसं ठाऊकच असतं, म्हणून ते उगाळत नाही. पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, एक्सपी आलं त्याच वर्षी. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, कळत नाही, आणि आमची सगळी मराठी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या फाँटमध्ये आहे. हुशार माणूस इथे मला अडवतो, "अहो, पेजमेकर विंडोज १० वरही उघडतं." उघडतं, खरंय. पण मराठी टाइप करायचं माझं सॉफ्टवेअर लॉकवर चालतं. लॉक म्हणजे मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचा तो आगपेटीएवढा तुकडा. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो तुकडा ओळखून देणारा प्रोग्राम, जुना ३२ बिटचा, आणि हल्लीचं ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर दारातही उभा करत नाही. पान दिसतं, पण त्यातलं एक अक्षर हलवता येत नाही.

मग बदल वेळेवर का केला नाहीस, असं मी स्वतःलाच विचारलंय. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट बंद केला, त्या दिवशी भाच्याने फोन केला होता. "मावशी, आता तरी." मी त्याला शब्द दिला की या वर्षीचे दिवाळी अंक हातावेगळे झाले की युनिकोडवर जाते. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला म्हणेन, बाई, तू खोटं बोलत होतीस. ती म्हणेल, खोटं नव्हतं, काम होतं. दोघींचंही बरोबर आहे. दिवाळी अंकांमागून कॅलेंडरं येतात, त्यांच्यामागून लग्नसराई, आणि मोकळा महिना काही कोणाला मिळत नाही.

शेवटी २०१८ च्या पावसाळ्यात निर्णय माझ्या हातातून गेला. जुन्या पेंटियम ४ च्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगले आणि एका सकाळी तो उठलाच नाही. लॅमिंग्टन रोडवरून नवीन मशीन जुळवून आणलं, दुकानदाराने विंडोज १० घालून दिलं. भाचा खूश. मीही, खरं सांगायचं तर, थोडी खूश होते. सुटले एकदाची असं वाटलं.

त्याच महिन्यात पलीकडच्या चाळीतले काका आले. गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांच्या पत्नीने २००३ मध्ये स्वतःच्या आठवणींचं एक पुस्तक लिहिलं होतं, माहेरच्या, कऱ्हाडच्या. चौसष्ट पानं, माझ्याकडेच लावलेलं. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायला दोनशे प्रती हव्या होत्या. टाइप मोठा, कारण वाचणारे सगळे म्हातारे, आणि शेवटी नातवंडांची चार पानं. मी हो म्हटलं.

नव्या मशीनला प्रिंटरचा पोर्टच नव्हता, म्हणजे लॉक नाही, म्हणजे टायपिंग नाही. भाच्याने नेटवरून एक कन्व्हर्टर शोधून दिला. जुन्या फाँटमधला मजकूर आत टाका, युनिकोड बाहेर. दहा मिनिटांत चौसष्ट पानं. मी बघतच राहिले. वेलांट्या जागच्या जागी आल्या होत्या, आणि ते सोपं नाही, कारण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफारही बरे बसले होते. फक्त एक गोष्ट पडली होती. दुसऱ्या, पायऱ्या, वऱ्हाड यांतला तो अर्धा र. जुन्या फाँटमध्ये त्याला स्वतःची जागा होती, कन्व्हर्टरच्या तक्त्यात नव्हती. त्याने तो गाळून टाकला, तक्रार न करता. 'दुसऱ्या' चं 'दुसया' झालं, 'पायऱ्यांवर' चं 'पाययांवर', 'बिचाऱ्या' चं 'बिचाया'. नेटवर जुन्या मराठी बातम्या वाचणाऱ्यांना हे 'दुसया' चांगलं ओळखीचं असेल.

माझे वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते, इथेच, काळबादेवीच्या बाजूला. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी मराठी खिळे ओतले ते याच पट्ट्यात. वडील सांगायचे, नवीन पोऱ्या केस, म्हणजे खिळ्यांची खणांची पेटी, लावायला शिकला की नाही ते 'ऱ्य' चा खिळा तो कुठल्या खणात टाकतो त्यावरून कळतं. त्यांची मुलगी मी. मला तो र दिसायला हवा होता.

दिसला, म्हणजे तो नाही हे दिसलं. मी शोधा-आणि-बदला करत बसले. दुसया, तिसया, साया, पायया, बिचाया, जेवढे आठवले तेवढे सगळे. दोन रात्री. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा एक प्रूफ काढून वाचलं, काकांनाही दिलं. ते म्हणाले, तुम्ही बघितलंय ना, मग मी काय बघू. छापायला गेलं.

प्रती आल्या त्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी. काका दुकानातच थांबले होते. वरची प्रत उचलली, चष्मा लावला, पहिलं पान उघडलं. बराच वेळ पान उलटलं नाही. मग मला म्हणाले, "ताई, काळं पेन आहे?"

पहिलंच वाक्य होतं: माझं माहेर कहाडचं.

माझ्या यादीत कऱ्हाड नव्हतं. प्रूफात मी ते वाक्य वाचलं होतं, एकदा नाही, तीनदा. पण डोळा माहीत असलेलंच वाचतो. पुढे सतरा ठिकाणी कहाड होतं आणि दोन ठिकाणी वहाडी. मी म्हटलं, काका, मी पदरच्या पैशाने पुन्हा छापून देते. ते म्हणाले, "तिथी थांबते का? उद्या तिचे भाऊ येतील. विचारतील, कहाड कुठे आलं." एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग आम्ही दोघं बसलो. सगळ्या वीस जागा दोनशे प्रतींत करणं शक्य नव्हतं, म्हणून फक्त पहिलं वाक्य. क आणि ह यांच्यामध्ये खाली काकपदाची खूण द्यायची आणि वर तो अर्धा र काढायचा. मी काढलेला र वेडावाकडा यायचा, त्यांचा गोदीच्या रजिस्टरातल्यासारखा, एकसारखा. थोड्या वेळाने त्यांनी माझ्यापुढच्या प्रती स्वतःकडे ओढून घेतल्या. मी पान उघडून धरायचं, त्यांनी र काढायचा, मी शाई वाळेपर्यंत प्रत उघडी ठेवायची. गॅलरीत, टेबलावर, स्कॅनरच्या झाकणावर, सगळीकडे उघडी पुस्तकं. दिवे लागले तरी चाललं होतं. दीडशेच्या पुढे त्यांचाही हात थरथरायला लागला, आणि त्या प्रतींतला र जरा लांबट आहे. बिलाचे पैसे त्यांनी पूर्ण दिले. मी नको म्हटलं तर टेबलावर ठेवून गेले.

त्यानंतर महिन्याभरात मी ते नवं मशीन पुसून त्यात एक्सपी घातलं.

आता हे सांगितल्यावर लोक म्हणतात, हो का, मग बरोबर आहे तुमचं. नाही, थांबा. चूक एक्सपी नसल्याची नव्हती. जुनी चौसष्ट पानं पेजमेकरमध्येच तशीच ठेवून नुसता टाइप मोठा करता आला असता आणि फक्त नातवंडांची चार पानं युनिकोडमध्ये करता आली असती. लॉकची गरजच नव्हती. हे मला एक वर्षाने सुचलं, ठाकूरद्वारच्या नाक्यावर, सिग्नलला उभी असताना. आणि प्रूफ मी वाचलं होतं, विंडोजने नव्हे. तरीही ते विंडोज १० पुसताना मला जे बरं वाटलं ते मी नाकारणार नाही.

एक्सपी घालणं मात्र सोपं गेलं नाही. सीडी टाकली की निळा पडदा, खाली बिघाडाचा कोड, सात-बी. भाचा एव्हाना रुसला होता, त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्याच एका पोऱ्याने समजावलं. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे हार्ड डिस्कशी नव्या पद्धतीने बोलायचा, ड्रायव्हर नाही, त्यामुळे त्याला समोरची हार्ड डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कची जोडणी जुन्या आयडीई पद्धतीवर केली, झालं. मग पडदा आठशे बाय सहाशेचा, कारण त्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हर निघालेलाच नाही. जुनं ग्राफिक्स कार्ड विकत आणलं. निळे, म्हणजे नवे, यूएसबी पोर्ट मेले, जुने काळे चालले. आठ जीबी रॅम लावलेली, एक्सपीला दिसते सव्वातीन. आणि नशीब म्हणा, बोर्डावर प्रिंटर पोर्टच्या पिना निघाल्या, फक्त मागे तोंड काढलेलं नव्हतं. एक पट्टी आणून ते तोंड काढलं, लॉक खुपसलं, आणि पहिला शब्द टाइप केला. कोणता ते सांगायला नको.

यूएसबीला लावायची प्रिंटर पोर्टची केबल का नाही घेतली, असंही विचारतात. घेतली. ती लॉकला फसवू शकत नाही. लॉकचा ड्रायव्हर प्रिंटर पोर्टाच्या जुन्या पत्त्यावर, ३७८ वर, हाक मारतो आणि त्या केबलकडे तो पत्ताच नसतो.

२०२३ मध्ये मला अजून एक मशीन लागलं, हे अगदी ताजं. त्याच्या बायोसमध्ये जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोयच नाही, इंटेलने ती काढून टाकली. तिथे एक्सपी चालतं ते व्हर्च्युअल बॉक्स नावाच्या, विंडोजच्या आत दुसरं विंडोज चालवणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत, काचेच्या पेटीतल्या माशासारखं. लॉक नाही, म्हणून टायपिंग नाही. तिथे काही दुरुस्ती आली तर मी दुसऱ्या शब्दातलं अक्षर उचलते आणि हव्या त्या जागी चिकटवते. वडिलांनी बघितलं असतं तर हसले असते. एवढी यंत्रं बदलली आणि पोरगी पुन्हा खिळेच जुळवतेय.

सुरक्षिततेचं म्हणाल तर ते मला कळतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा मायक्रोसॉफ्टलाही एक्सपीसाठी दुरुस्तीचा पॅच काढावा लागला होता, सपोर्ट संपून तीन वर्षं झालेली असताना. माझ्या एक्सपीला नेटची वायर लावलेली नाही, इतक्या वर्षांत एकदाच लावली आणि ती चूक होती. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो, आलाही आहे. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले आणि एक अख्खी दुपार गेली. मी हे धोक्याचं नाही असं म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की रस्ता ओलांडण्याइतकं आहे. हे वाक्य भाच्याला मुळीच पटत नाही, आणि रात्री कधीकधी मलाही.

भाच्याचं एक सांगते आणि हे जरा मनातलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० चाही सपोर्ट संपला. त्याचा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ला आठवी लागते. मशीन ठणठणीत, पण नवीन विंडोज त्याला उभं करत नाही. त्याने मला फोन केला, "मावशी, काय करू?" मी म्हटलं, "चालतंय ना, मग कशाला बदलतोस." तो हसला नाही.

मी त्याच्यावर मात केली असं वाटलं होतं. मग परवा काकांच्या नातवाचा फोन आला. काका आता नाहीत. त्याला घरच्या ग्रुपवर टाकायला आजीच्या पुस्तकाची पीडीएफ हवी होती. माझ्याकडे दोन आहेत. एक २०१८ ची, कहाडवाली. एक २००३ ची, एक्सपीत पेजमेकरमधून काढलेली, जिच्यात प्रत्येक र जागेवर आहे. अर्थातच मी दुसरी पाठवली. अर्ध्या तासात त्याचा पुन्हा फोन.

"काकू, यात कऱ्हाड शोधलं तर शून्य दाखवतंय."

"पान तीन बघ. पहिलीच ओळ."

"ते दिसतंय हो. पण शोधलं की येत नाही. कॉपी केलं तर सगळं इंग्रजी येतंय, काहीच्या काही."

मी म्हटलं, बघते.