तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथालयात मी कोण, ग्रंथपाल की कॉम्प्युटरवाले?

नॅकच्या (महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) समितीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हाच प्रश्न. पगारपत्रकावर ‘तांत्रिक सहायक’, आणि प्रिंटर अडकला की ‘सर, जरा येता का?’ प्रिंटरही मीच बघतो, त्याची तक्रार नाही. पण विचारलंतच, तर एक काम नीट सांगतो. नाव तुम्ही ठरवा.

जुन्या फॉन्टमधल्या मराठी नोंदी युनिकोड करून ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्या. पडद्यावर सगळं चोख. तरी ‘किनाऱ्यावर’ शोधलं की निकाल शून्य, आणि पुस्तक कपाटात. वाचक ‘नाही’ ऐकून परत जातो, हे मला फार लागतं.

कारण ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी साठवला जातो. इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप केला तर ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), हलन्त, य. जुना फॉन्ट बदलणारे कित्येक कन्व्हर्टर मात्र साधा र (०९३०), हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (२००डी) आणि य देतात. डोळ्यांना एकच, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. इथे घाईत ते अदृश्य चिन्ह पुसलं की घात होतो. ‘किनार्यावर’ असा रफार उमटतो, आणि मग ‘कार्य’मधला खरा रफार कोणता, हा बिघडलेला कोणता, हे ओळखायची खूणच यंत्राकडे उरत नाही.

म्हणून आधी बॅकअप. मग मार्क फाइल (ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या साच्यातली) निर्यात करून लीडरचं, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या पट्टीचं, नववं स्थान (शून्यापासून मोजून) ‘ए’ आहे ना ते बघायचं. ते रिकामं असेल तर फाइल मार्क-८ या जुन्या अक्षरसंकेतातली समजली जाते, आणि मार्क-८मध्ये देवनागरी नाहीच. मग र-हलन्त-जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी ऱ-हलन्त. फक्त शीर्षकाच्या रकान्यात (२४५) नव्हे, लेखक (१००) आणि विषय (६५०, स्थळनाम असेल तर ६५१) यांतही, कारण ‘कऱ्हाड’ तिथेही असतं. आयात करताना नोंद क्रमांकावर जुळणी लावून जुनी नोंद बदलायची, प्रतींची माहिती (९५२) वगळायची. जुळणी विसरली तर प्रत्येक पुस्तक यादीत दोनदा. शेवटी झेब्राचा (कोहाच्या शोधयंत्राचा) निर्देशांक पूर्ण नव्याने बांधायचा, नाहीतर शोध जुन्याच शब्दांवर चालत राहू शकतो. आणि हे सगळं आधी ५० नोंदींवर.

आता सांगा, हे कुणाचं काम? मराठी न येणारा प्रोग्रामर ते चिन्ह कचरा समजून पुसेल. ग्रंथपालाला पडद्यावर शीर्षक बरोबरच दिसतं. पूर्वी मी ठणकावून ‘सिस्टिम्स लायब्रेरियन’ म्हणायचो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ‘वाचकाचा वेळ वाचवा’ म्हटलं, तेच मी करतो, असा माझा युक्तिवाद. तो आजही मला पटतो. पण वाचकाला समोर बसवून त्याला नेमकं काय हवंय ते काढून घेणं, ही ग्रंथपालाची अर्धी विद्या माझ्या वाट्याला क्वचित येते, हे तेव्हा मी बोलत नव्हतो. आणि सहायक ग्रंथपालाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) अध्यापकांसारखी वेतनश्रेणी, तांत्रिक सहायक मात्र शिक्षकेतर, हेही माझ्या आग्रहात होतं. आहे.

मग ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणा? तेही नको.