तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या पैशांत काय वेगळं ऐकू येतं?

माझ्या कानातले इअरफोन बघून "हे खरंच ८४ हजारांचे आहेत?" इथून सुरुवात होते आणि "मग वेगळं काय ऐकू येतं?" इथे गाडी येऊन थांबते. हिंजवडीच्या बसमध्ये विचारतात, साखरपुड्यात विचारतात, एकदा तर अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याने विचारलं. माझी दोन उत्तरं ठरलेली होती. चेष्टेने विचारणाऱ्याला: "तुमच्या गाडीच्या अलॉय व्हील्सचे किती पडले?" मनापासून विचारणाऱ्याला अर्ध्या तासाचं प्रवचन. गेल्या मार्चपासून दोन्ही बंद आहेत. का, ते एकदाच लिहून टाकतो.

आधी तुमच्या बाजूचं. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजले आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा (कुठला सूर किती मोठा वाजतो, त्याचा) किमतीशी संबंध सापडला नाही, असं लिहिलं. हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड करतं. वाचलंय हो मी! इअरफोनच्या टोकाची रबरी टिप कानात घट्ट बसली नाही तर महागड्या इअरफोनचाही बास गळून जातो, आणि स्वस्तातल्या इअरफोनला योग्य मापाची टिप लावली तर तो कात टाकतो, हेही मान्य. पण मी दारू पीत नाही, फ्लॅटचा एक हप्ता चुकवलेला नाही, आणि पैसे माझे होते. असो. हा मुद्दा मी नको तिथे आणतो असं बायको म्हणते.

घेतल्यावर मी तीन गोष्टी छातीठोकपणे सांगत असे. तंबोऱ्याची जवार सुटी कळते. झांजेचा नाद अगदी विरेपर्यंत ऐकू येतो. आणि वरचे सूर कुठेही टोचत नाहीत, लोण्यासारखे आहेत. या तिसऱ्या वाक्यावर माझ्या मेहुण्याने तेच मॉडेल घेतलं, पहिल्या मोठ्या बोनसमधून. आठवड्याने त्याचा फोन आला, "दाजी, गाण्यातले स आणि श कानात सुईसारखे घुसतायत हो." मी म्हणालो, "तुझे कान अजून तयार झालेले नाहीत." वर हेही म्हणालो, की ताशा वाजवलेल्या माणसाला सूर कसा ऐकायचा ते शिकवू नकोस.

मार्चमध्ये डावा कान दडे बसल्यासारखा वाटायला लागला. इअरफोनने मळ आत ढकलला असणार, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. मळ निघाला, तरी डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. मला मजाच वाटली. म्हटलं, चला, आता कागदावरच येऊ दे.

खोली म्हणजे गोदरेजच्या कपाटाला खिडकी बसवावी तशी. दार लागल्यावर स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. डोक्यावर जाडजूड हेडफोन, हातात पेनाएवढं बटण. काचेपलीकडे पंचविशीतली मुलगी. "आवाज आला की दाबायचं, अगदी हळू आला तरी." सुरुवातीचे सूर मी पटापट पकडले. जाड सूर, मग जरा बारीक, त्याहून बारीक. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन बिघडलं असेल. काचेतून पाहिलं तर तिचा हात हलत होता. एक कळ दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. तिचा हात हलत होता आणि माझ्या कानात शांतता होती.

आता सांगायला लाज वाटते, पण मी तिच्या हाताकडे बघून बटण दाबायला लागलो. तिने दाबली की मी दाबायचो. चार-पाच वेळा झालं असेल. दार उघडून ती आत आली. "काका, मी मधेच आवाज न सोडता कळ दाबली होती. तुम्ही तेव्हाही दाबलंत." आणि माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. त्या "काका"चंही लागलं, पण भिंतीकडे तोंड करून बसायचं त्याहून जास्त लागलं.

तक्त्यावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. २००० हर्ट्झपर्यंत ठीक. ४००० ला दोन्ही रेषा विहिरीत पडल्यासारख्या खाली, उजवा ४५ डेसिबल, डावा ५५ (आकडा मोठा तितकं ऐकू कमी). ८००० ला पुन्हा थोड्या वर. तिने नोकरी वगैरे विचारलीच नाही. पुण्यातली मुलगी. "पथकात होतात का?"

होतो. सात वर्षं. म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात सराव, आणि विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये घुमणारी ताशाची तर्री. कानात कापूस घालणाऱ्या पोरांना आम्ही हसायचो. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कान जपण्यासाठी सुचवलेली मर्यादा, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. आम्ही तासन्‌तास वाजवायचो.

नंतर तिने श्रवणयंत्र दाखवलं. आतला चिमुकला स्पीकर बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा. माझ्या इअरफोनमध्ये असे प्रत्येक कानाला पाच आहेत. हे तंत्र श्रवणयंत्रांतूनच इकडे आलं, १९९१ चा एटिमॉटिक ईआर-४ हा इअरफोन श्रवणशास्त्रातल्या माणसांनीच केला, हे मी लोकांना कौतुकाने सांगत असे. तिला नाही सांगितलं.

तर लोण्यासारखे वरचे सूर म्हणजे मला ऐकूच न येणारे सूर. झांजेचा नाद शेवटपर्यंत म्हणजे माझ्या शेवटापर्यंत. पण थांबा, माझ्यातला जुना वकील अजून बोलतोच. तो म्हणतो, खालचे सूर शाबूत आहेत, गाणाऱ्याचा मूळ आवाज तिथेच असतो, तंबोऱ्याबद्दल तू जे म्हणालास ते खरंच आहे. असेल. की किंमत माहीत असल्यामुळे तसं वाटतं? डोळे बांधून तपासावं तर कानात घालताच आकारावरून कळतं कुठला ते, आणि जरासा मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. घरी दोनदा प्रयोग केला, भांडणाखेरीज काही निघालं नाही. इअरफोन मी अजूनही रोज वापरतो, आवाज कमी ठेवून. आवडतात मला. तुम्ही घ्यावेत की नाही, हे माझ्या कानांना विचारू नका.

मेहुण्याने त्याचे ५१ हजारांना विकले. ३३ हजारांचा खड्डा. तो मी भरून द्यावा का, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आधी त्याला सांग, 'तुझे कान बरोबर होते', पैशांचं नंतर बघू." एप्रिल गेला, गणपती गेले, दोन्ही झालेलं नाही. भाऊबीजेला येतोय तो.