वीस एमबीची डिस्क, बीगलबोन आणि अण्णांचा गिरणीकोश

जुन्या पीसी-एक्सटीतली (ऐंशीच्या दशकातल्या संगणकातली) हार्ड डिस्क आजच्या लॅपटॉपला जोडायची केबल कुठेच मिळत नाही. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मी दुकानोदुकानी विचारलं. नंतरच्या काळातल्या आयडीई डिस्कचे अडॅप्टर पुढ्यात आले, त्याहून नव्या साटाचे आले. पण 34 पिनांची एक आणि 20 पिनांची एक अशा दोन रिबन केबल लागणारी डिस्क काउंटरवरच्या पोरांनी कधी पाहिलेली नव्हती. तसा सोपा अडॅप्टर का निघाला नाही, हे समजून घेताना मला या कामाची वाट सापडली.

डिस्क अण्णांची. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तो लांबतच गेला आणि अण्णांचं गिरणीतलं काम कायमचं सुटलं. पुढे विभागातल्या एका पतपेढीत त्यांना कारकुनी मिळाली. नव्वदच्या दशकात पतपेढीने नवे संगणक घेतले, तेव्हा जुना एक्सटी त्यांनी भंगाराच्या भावात घरी आणला. मराठी पत्रव्यवहारासाठी त्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलेलं होतं. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटवणारं हे कार्ड होतं म्हणूनच अण्णांनी पुढची कितीतरी वर्षं रात्री जेवणं झाल्यावर गिरणीतले शब्द टाइप केले. त्रासन, धोटा, कांडी, बाबीन, बदली, जॉबर. प्रत्येक नोंदीत शब्द, कुठल्या खात्यातला, नेमका कशासाठी वापरायचा आणि कोणी सांगितला. डॉट मॅट्रिक्सवर काढलेली काही पानं आहेत, पण रिबन फिकी होती. आता ती वाचता येत नाहीत.

चाळ पुनर्विकासाला गेली आणि खोली रिकामी करायची वेळ आली. संगणक बरीच वर्षं बंदच होता. अण्णा म्हणाले, “अगं, हे शब्द सांगणारे निम्म्याहून जास्त लोक आता नाहीत. पुन्हा कोणाला विचारू?” मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, तेव्हा संगणक टॅक्सीत घालून मुलुंडला माझ्या घरी आला.

आता तो अडॅप्टरचा प्रश्न. शुगार्ट टेक्नॉलॉजीने (हीच पुढे सीगेट झाली) 1980 मध्ये एसटी-506 नावाची 5 एमबीची डिस्क काढली आणि तिची जोडणीची पद्धत बाकीच्यांनीही उचलली. या पद्धतीत डिस्कला स्वतःची बुद्धी नसते. ती सांगितल्याप्रमाणे हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) पुढेमागे करते आणि तबकडीवरचं चुंबकत्व जिथे उलटतं तिथे एक पल्स पाठवते. बस, तेवढंच. त्या पल्सांमधून बिट काढणं, सेक्टर (माहितीचा ठरावीक तुकडा) कुठे सुरू झाला ते ओळखणं, चुका तपासणं हे सगळं संगणकातलं कंट्रोलर कार्ड करतं. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची मांडणी थोडी वेगळी, त्यामुळे एका कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यावर वाचली जाईलच असं नाही. नंतरच्या आयडीई आणि स्कझी या जोडणीच्या पद्धतींच्या डिस्कमध्ये ही बुद्धी डिस्कच्याच अंगात गेली, म्हणून त्यांचे अडॅप्टर दहा-वीस मिळतात.

जुन्या मॅकसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं, स्कझी डिस्कचं सोंग घेणारं पायस्कझी लोक वापरतात ते याच कारणाने जमतं. स्कझीवर संगणक “अमुक ब्लॉक दे” अशी आज्ञा करतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. पायने घटकाभर उशीर केला तरी बिघडत नाही. एसटी-506 वर कोणी थांबत नाही. तबकडी मिनिटाला 3600 फेरे मारते, सेकंदाला 50 लाख बिट हेडखालून जातात आणि दोन पल्सांमधलं अंतर 200, 300 किंवा 400 नॅनोसेकंद असतं. त्या 100 नॅनोसेकंदांच्या फरकातच सगळी माहिती आहे. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम चालवणारा प्रोसेसर मध्येच दुसऱ्या कामाकडे वळला की माहिती हुकली.

म्हणून बीगलबोन ब्लॅक, हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक. या बोर्डाच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरशेजारी पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. ते 200 मेगाहर्ट्झवर चालतात, एक सूचना 5 नॅनोसेकंदांत संपवतात आणि लिनक्समध्ये काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. 100 नॅनोसेकंद म्हणजे त्यांच्या हिशेबात वीस सूचना. डेव्हिड गेसवाइन यांनी याच बळावर अशा (एमएफएम) डिस्कचा एम्युलेटर, म्हणजे तिची नक्कल करणारं यंत्र, बनवला आणि त्याचा आराखडा व सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. बीगलबोनवर बसणारा त्यांचा एकच बोर्ड दोन्ही भूमिका करतो. जंपर (पिना जोडणारी छोटी टोपणं) एका बाजूला लावले की तो कंट्रोलर होऊन जुनी डिस्क वाचतो. दुसऱ्या बाजूला लावले की स्वतःच डिस्कचं सोंग वठवतो आणि संगणकाला फरक कळत नाही. इतकं नेमकं काम कोणीतरी करून ठेवलंय आणि ते आपल्याला वापरू दिलंय, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

इथे एक स्पष्ट सांगते. तुमच्या एक्सटीत वाचवण्यासारखं काही नसेल आणि यंत्र फक्त चालू हवं असेल, तर हा खटाटोप करू नका. एक्सटी-आयडीई नावाचं कार्ड आणि एक कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड यांत काम भागतं, स्वस्तातही पडतं. मला आधी डिस्क वाचायची होती, म्हणून बोर्ड लागणारच होता.

जोडणीवर फार लिहीत नाही. कोरा बोर्ड मागवला, सुटे भाग बरेचसे लॅमिंग्टन रोडलाच मिळाले. कंट्रोलच्या तारांना टोकाशी 220 आणि 330 ओहमचे रेझिस्टर लागतात. ते शेवटच्या डिस्कवर असायला हवेत, तेवढं पाहून घ्या.

खरं काम डिस्क पहिल्यांदा फिरवण्याचं. इतकी वर्षं मुंबईच्या दमट हवेत पडलेल्या डिस्कमध्ये हेड तबकडीला चिकटून बसलेले असू शकतात. शिवाय जुन्या टँटलम कॅपॅसिटरमध्ये शॉर्ट झालेला असला तर वीज देताक्षणी धूर. म्हणून संगणकाचा जुना पॉवर सप्लाय बाजूला ठेवला, 12 आणि 5 व्होल्टच्या दोन्ही रेषा मीटरने तपासल्या आणि नव्या पॉवर सप्लायवर डिस्क एकटीच लावली. अण्णा मुद्दाम आले होते. डिस्क फिरली, आणि लगेच कानठळ्या बसवणारी चीं सुरू झाली. अण्णांचा चेहरा उतरला. पण हा आवाज बहुधा तबकडीचा नसतो. मोटरच्या दांड्याला टेकलेली अर्थिंगची छोटी पट्टी असते, तिचा असतो. पट्टीवर बोट हलकेच टेकवलं तशी चीं थांबली. अण्णा म्हणाले, “साच्याचंही असंच असायचं. आवाज कुठून येतो ते कळलं की निम्मं काम झालं.”

पुढचा नियम मी कटाक्षाने पाळला: आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, अर्थ नंतर लावायचा. वाचण्याच्या प्रोग्रामला सांगता येतं की बिट, सेक्टर काही ठरवण्याआधी प्रत्येक पल्सची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेव. ही ट्रान्झिशन फाइल हातात असली की डिस्क पुन्हा फिरवायची गरज उरत नाही. फॉरमॅट चुकीचा ओळखला गेला तरी त्याच फाइलवर पुन्हा प्रयत्न करता येतो. म्हाताऱ्या डिस्कला प्रत्येक फेरीत धोका असतो, त्यामुळे मला हा सगळ्यात मोठा आधार वाटला.

विश्लेषण केल्यावर डिस्कची मोजमापं आपोआप निघाली: 615 सिलिंडर (हेड थांबायच्या जागा), 4 हेड, प्रत्येक ट्रॅकवर (एका हेडखालच्या एका वर्तुळावर) 17 सेक्टर. म्हणजे 512 बाइटचे 41,820 सेक्टर, 2 कोटी 14 लाख बाइटच्या आसपास. आजच्या मोबाइलमधले चार-पाच फोटो मावतील एवढीच जागा, पण नुसत्या अक्षरांसाठी ती प्रचंड आहे.

पहिल्या वाचनात बाहेरच्या ट्रॅकवर बरेच सेक्टर चुकीचे आले. या डिस्कमध्ये हेड स्टेपर मोटरने ठरलेल्या पायऱ्यांवर सरकतात. ट्रॅकच्या बरोब्बर मध्ये आलो की नाही हे तपासायची सोय नसते. धातू तापला की जागा किंचित सरकते. तापलेल्या डिस्कवर लिहिलेलं थंड डिस्कवर नीट वाचलं जात नाही ते त्यामुळे. अण्णांना विचारलं, तर संगणक तासन् तास चालू असायचा, आणि त्या खोलीत मे महिन्यातही एकच पंखा! मग डिस्क चालू ठेवून चांगली तापू दिली आणि पुन्हा वाचली. चुका झपाट्याने कमी झाल्या. उरलेल्यांपैकी काही सेक्टर डिस्क कुशीवर उभी केल्यावर आले. काही ठिकाणी सेक्टरमागच्या ईसीसीने (चूक सुधारण्यासाठी लिहिलेल्या जादा बिटांनी) चूक दुरुस्त करून दिली. शेवटी मोजकेच सेक्टर राहिले आणि तपासलं तेव्हा ते पतपेढीच्या जुन्या प्रोग्रामच्या भागात निघाले. अण्णांच्या फाइली पूर्ण आल्या.

इथे थांबता आलं असतं. पण लॅपटॉपवर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स प्रोग्राममध्ये फाइल उघडली तर देवनागरीऐवजी चौकटीच्या रेघा आणि युरोपीय अक्षरं दिसतात, कारण अक्षरं उमटवणारं जिस्ट कार्ड तिथे नाही. अण्णांना त्यांच्या नोंदी त्यांच्या पडद्यावर, त्यांच्या सवयीच्या कीबोर्डवर पुढे न्यायच्या होत्या. यंत्राचं कार्ड ठीक, मदरबोर्ड ठीक, मॉनिटर मंद पण ठीक; थकली होती ती फक्त फिरणारी डिस्क.

म्हणून जंपर बदलले, त्याच दोन केबल बोर्डाला लावल्या आणि एक्सटी सुरू केला. पडद्यावर 1701. हार्ड डिस्क सापडली नाही, असं सांगणारा हा एक्सटीचा आकडा. बीगलबोनला लिनक्स सुरू करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा धीर कंट्रोलरला नसतो. थोडं थांबून कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबलं आणि डिस्क सापडल्याची खूण असलेला डॉसचा सी प्रॉम्प्ट आला. जिस्टचा मराठी पडदा उघडला. अण्णांनी पहिल्यांदा “धोटा” शोधला, ती नोंद वाचली आणि सांगणाऱ्या माणसाचं नाव मोठ्याने उच्चारलं. मग तासभर ते कोणाशी बोलले नाहीत, नुसतं वाचत होते.

बोर्डावर मोठे कॅपॅसिटर आहेत तेही सांगायला हवं. एक्सटीचं बटण अचानक बंद केलं तरी लिनक्सला सगळं नीट लिहून बंद व्हायला त्यांच्यामुळे सवड मिळते. अण्णा सरळ लाल बटण खाली करतात, त्यांना ती सवय बदलायला सांगावी लागली नाही. आता ते काहीही टाइप करोत, ते बीगलबोनच्या कार्डावरच्या एका फाइलमध्ये जातं आणि महिन्याला मी ती कॉपी करून नेते.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या अक्षरसंकेतात, आणायचं काम स्वतंत्र. जिस्टमधला मजकूर इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या अक्षरसंकेतात असतो. 1991 मध्ये आयएस 13194 म्हणून त्याचं प्रमाणीकरण झालं. युनिकोडची देवनागरी इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने अक्षरांचा क्रम जवळपास तोच आहे, आणि आयसीयू या प्रोग्रामरांच्या लायब्ररीत इस्कीचा परिवर्तक तयार मिळतो. तरी डोळ्यांत तेल घालून पाहावं लागलं. ठळक अक्षरांसाठी मजकुरातच दडलेले बाइट काढावे लागले. “दोऱ्या”सारख्या शब्दांतला अर्धा र नीट उतरला का, हे मी आणि अण्णांनी पानोपानी तपासलं, कारण सूतकामाच्या कोशात दोऱ्या जागोजागी आहेत.

कोणाच्या माळ्यावर अशी डिस्क असेल तर तिला उगाच चालू-बंद करून पाहू नका. “फॉरमॅट करून बघू” म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नका. आडवी ठेवून, खाली मऊ कापड घालून हलवा. कंट्रोलर कार्डही जपून ठेवा. फॉरमॅट ओळखताना त्यावरचं नाव उपयोगी पडतं.

अण्णा सध्या परळला भाड्याच्या खोलीत आहेत, एक्सटी तिथेच लावून दिला आहे. त्यांच्याकडे सव्वापाच इंची फ्लॉपींचा एक डबाही निघाला. त्यात त्रासनखात्यातल्या बायकांकडून ऐकलेल्या नोंदी असाव्यात असं ते म्हणतात. फ्लॉपीचे पल्स उतरवून घेणारं ग्रीसवीझल मी घेतलं आहे, जुना ड्राइव्ह साफ करून झाला आहे आणि दर रविवारी थोड्या थोड्या फ्लॉपी वाचतो आहोत.