आमची वाटचाल: दांडिया बाजारातलं पाटीकाम

बाबांनी बडोद्यात दांडिया बाजारात पाट्या रंगवायला सुरुवात केली तेव्हा दुकान म्हणजे ओट्यावरची आठ फूट जागा. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढची वीसेक वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते फ्लेक्सचं. समोरच्याच गाळ्यात मशीन आलं. (नाव घेत नाही, रोज तोंड बघावं लागतं.) सकाळी सांगा, संध्याकाळी न्या, भाव चौरस फुटावर. गिऱ्हाईक आम्हालाही विचारू लागलं, "फुटाला किती?" आणि मी मूर्खासारखा आकडा सांगितला.

आता बघा, देवनागरी शिरोरेषेला लटकते, गुजरातीला शिरोरेषाच नाही. एकाच पाटीवर दोन्ही लिपी घ्यायच्या तर खडूची दोरी मारून उंची सारखी धरली, तरी गुजराती ओळ मोकळी पडते. अक्षरांमधलं अंतर डोळ्यानंच जमवावं लागतं. मनगट काठीवर टेकवायचं, खारीच्या केसांचा ब्रश एका दमात ओढायचा. मध्ये थांबलात की एनॅमलला गाठ येते. हे फुटाला किती?

त्या दिवाळीत फ्लेक्सच्या भावात १९ पाट्या केल्या. रंग, टर्पेंटाइन वजा जाता पोऱ्याचा पगारही निघेना. बाबांची कायनेटिक विकली. बाबा काही बोलले नाहीत, नुसते ब्रश धूत बसले.

रावपुऱ्यातले फरसाणवाले शेठ आमचं जुनं गिऱ्हाईक. दर दिवाळीला पाटी उजळून घेणारे. त्यांनाही मी कमीच सांगितले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "ओछा केम ले छे? काम पण ओछुं कर्युं छे?" म्हणजे, कमी का घेतोस, कामही कमी केलंस का? आणि जुन्या भावाने पैसे मोजले, वर लिल्या चिवड्याचा, म्हणजे बडोद्याच्या ओलसर चिवड्याचा, पुडा.

तेव्हापासून आखणीचे पैसे वेगळे, रंगकामाचे वेगळे, शिडीवर चढून लिहायचे वेगळे. निम्मे आगाऊ. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीची मुलं दुकानात येतात, अक्षरं बघतात, आणि बोलता बोलता कळतं की गिऱ्हाइकाला तीन-तीन नमुने फुकट पाठवतात. अरे बाळांनो, ती फॅकल्टी १९५० पासून आहे, तिथे एवढी वर्षं घालवून नमुना फुकट? पैसे हातात आल्याशिवाय कागद सोडू नका. माझं ऐकत नाहीत, हसतात.

मी सोडला होता एक कागद. मांडवीजवळच्या कापडवाल्याला बाबांनी आखलेलं नाव ‘घरी दाखवायला’ दिलं. महिन्याभरात तेच नाव फ्लेक्सवर, समोरच्याच मशीनमधून निघालेलं. ‘र’चा पाय बाबा जरा लांब ओढायचे, तोसुद्धा तसाच. फ्लेक्स दोनदा बदलला, ‘र’ तोच आहे. मांडवीला जायचं असलं की मी मागच्या गल्लीतून जातो.