ग्योटिंगेनची टपालपेटी

जर्मनीतल्या ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावात मी काढलेल्या सहा महिन्यांबद्दल विचारलं की लोकांना बर्फ, ख्रिसमसचा बाजार आणि हार्झचे डोंगर ऐकायचे असतात. ते सगळं आहे आणि सुंदर आहे. पण एका सत्रासाठी तिकडे निघालेल्या मुलांना मी आधी टपालपेटीबद्दल सांगते. पहिले पाच-सहा आठवडे सगळी कामं त्या पत्र्याच्या पेटीपाशी अडतात आणि निघण्याआधी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. निघण्यापूर्वीच्या माहितीसत्रांत तासभर थंडीच्या कपड्यांवर बोलतात, पेटीवर एक मिनिटही नाही. याचा मला अजून राग येतो.

जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. मग पंचवीस खोल्यांच्या इमारतीत पत्र कुणाचं, हे ठरतं फक्त पेटीवरच्या नावावरून. आपल्याकडे सोसायटीचा वॉचमन पाकीट ठेवून घेतो, चाळीत पोस्टमन खालूनच हाक मारतो, पत्त्यात 'मारुती मंदिराजवळ' लिहिलं तरी पत्र पोचतं. तिथे पोस्टमन कुणाला विचारत बसत नाही. पेटीवर नाव नाही म्हणजे माणूस नाही. 'या पत्त्यावर अशी व्यक्ती आढळली नाही' अशा अर्थाची पट्टी चिकटवून पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं, आणि ज्याचं पत्र आहे तो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाट बघत बसलेला असतो.

आता यात अडकतं काय ते बघा. व्हिसासाठी श्पेरकोन्टोत, म्हणजे बंद खात्यात, पैसे ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो आहे. हे पैसे दरमहा सुटतात, पण तुमच्या साध्या चालू खात्यातच. चालू खातं उघडलं की कार्ड येतं एका पाकिटात आणि पिन येतो दुसऱ्या पाकिटात, मुद्दाम दोन-चार दिवसांच्या अंतराने. दोन्ही टपालाने. त्यातलं एक परत गेलं की नव्याने अर्ज आणि पुन्हा आठवडाभर थांबणं. टॅक्स क्रमांक, तो ११ आकडी, पत्रानेच येतो. त्याशिवाय विद्यार्थी म्हणून छोटी नोकरीही नीट सुरू होत नाही. विमा कंपनीचं कार्ड पत्राने. गणितज्ञ कार्ल गाउस आणि पदार्थवैज्ञानिक विल्हेल्म वेबर यांनी १८३३ मध्ये वेधशाळेपासून पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेपर्यंत तार ओढून याच गावात विजेवर संदेश धाडले; दोघांचा पुतळा गावात आहे. त्याच्यासमोरून पिनच्या पाकिटाची वाट बघत रोज जाताना काय वाटतं, ते तिथे राहिलेल्यांना विचारा.

म्हणून खोलीची किल्ली हातात आली की सामान उघडण्याआधी नाव लावायचं. दोन जागी: पेटीवर आणि खालच्या दाराच्या घंटीवर, जिला क्लिंगेल म्हणतात. घंटीवर नाव नसेल तर पार्सलवाला दार वाजवतच नाही. बहुतेक वसतिगृहांत अधिकृत पट्टी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा, छापून देतो, पण त्याचे कामाचे तास आठवड्यातले मोजकेच आणि पट्टी यायला दोन आठवडे लागतात. तोवर आपली कागदी पट्टी लावायची. अगोदरच्या मुलाच्या नावाची पट्टी असेल तर ती खरवडून काढू नका, तिच्याखाली आपली लावा. त्याचं टपाल अजून येत असतं. आमच्याकडच्या एका पेटीवर चार थर होते. वर एक स्पॅनिश आडनाव, त्याखाली दोन चिनी, तळाशी पेन्सिलने लिहिलेलं काहीतरी जे आता वाचता येत नव्हतं, आणि सगळ्यांवर पिवळा पडलेला सेलोटेप, कडेने सुटून वाऱ्याला फडफडणारा. इंकजेटवर छापलेली पट्टी पावसात दोन दिवसांत ओघळते. पक्क्या शाईचा मार्कर घ्या, मोठ्या रोमन अक्षरांत आडनाव लिहा, वरून पारदर्शक टेप लावा आणि टेप चारही बाजूंनी कागदाच्या बाहेर अर्धा सेंटीमीटर येऊ द्या. पाणी शिरतं ते कडेनेच. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये पोटभाडेकरू असाल तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं नावही घालायचं, 'अमुक यांच्याकडे' अशा अर्थाने.

मराठी माणसाची इथे एक वेगळीच अडचण होते. आपल्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. सायली प्रकाश जोशी असेल तर 'सायली प्रकाश' हे दोन्ही तिचंच नाव म्हणून नोंदलं जातं. विद्यापीठात, बँकेत, विम्यात, सगळीकडे तसंच्या तसं लिहा. एका ठिकाणी 'प्रकाश' गाळलात की दोन संगणकांत तुम्ही दोन माणसं होता, आणि ते जुळवायला पुन्हा पत्रव्यवहार. वडिलांचं नाव लावणं त्यांना समजावून सांगण्यात वेळ घालवू नका. पेटीवर मात्र फक्त जोशी.

आनमेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेत राहण्याची नोंद, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. भाडेकरार त्याला पुरत नाही. घरमालकाने सही केलेला वेगळा एक पानाचा दाखला लागतो आणि तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही. ऑक्टोबरमध्ये सगळी विद्यार्थी मंडळी एकदम येतात, भेटीच्या वेळा मिळत नाहीत, तेव्हा भारतातूनच वेळ घेऊन ठेवा. नोंद झाली की काही आठवड्यांत एक भलतंच पत्र येतं: रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते पाकीट कपाटात टाकणाऱ्यांना नंतर दंड जोडून येतो. वर्गणी माणशी नसून घरामागे असते, त्यामुळे फ्लॅटमधला एकजण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की बाकीचे सुटतात.

या सगळ्यात दीड महिना जाईल असं धरून भाडं, अनामत आणि जेवणखाण भागेल इतके पैसे फॉरेक्स कार्डवर ठेवा. माझं हे ठाम मत आहे. नवा कोट घेऊन पैसे संपवू नका, कोट तिथे जुन्या बाजारात मिळतो.

अनामतीचं, म्हणजे काउट्सियोनचं, दुखणं भिंतीतून येतं. डाळ-भात रोज शिजतो, कपडे खोलीतच वाळतात, थंडी म्हणून खिडकी बंद. डिसेंबरात बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि जाताना तिचे पैसे कापतात. खिडकी वरून तिरकी उघडून दिवसभर ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण त्याने हवा बदलत नाही, भिंत मात्र गार होते आणि वाफ तिच्यावरच बसते. तिथली रीत बरोबर आहे: हीटर बंद, खिडकी सताड, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं दूर. हीटरच्या चाकावरचा ३ म्हणजे साधारण २० अंश; ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त नको इतकी तापते. आणि फोडणी. मोहरी तडतडण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी उघडा आणि दार बंद करा. घाबरून दार उघडलं की धूर व्हरांड्यातल्या आगीची सूचना देणाऱ्या यंत्राकडे जातो, आणि मग सगळी इमारत रात्री नऊला चपला घालून अंगणात उभी.

अभ्यासाबद्दल दोनच गोष्टी सांगते. तासाच्या वेळेपुढे छोट्या रोमन अक्षरांत सी. टी. असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, एस. टी. असेल तर ठोक्याला. आणि ग्योटिंगेनला स्टुड-आयपी या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही. परीक्षेची नोंद फ्लेक्सनाउ नावाच्या वेगळ्या प्रणालीत, वेगळ्या मुदतीत. ती मुदत चुकली तर प्राध्यापकांची कितीही इच्छा असली तरी पेपर देता येत नाही आणि ३० क्रेडिटचा हिशेब कोलमडतो. गुण १.० सर्वांत चांगले, ४.० काठावर पास. घरी फोनवर आधीच सांगून ठेवा, नाहीतर १.३ ऐकून आई हबकते. फोनचंही लक्षात ठेवा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं.

हार्झ एका दिवसात झालं, बर्लिन दोन दिवसांत. जे मनात राहिलं ते जुन्या तटावरून गावाभोवती चालणं. डेक्कन कॉलेजात १८६६ पासून संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ मध्ये इथे प्राध्यापक होऊन आले. पुण्यात राहून पतंजलीचं महाभाष्य हाताळलेला माणूस या लिंडनच्या झाडांच्या गावात राहून गेला, हे कळल्यावर गाव जरा आपलं वाटायला लागतं.

निघतानाही टपालच. कायमचं जायच्या आधीच्या आठवड्यात नगरपालिकेतून नाव कमी करायचं आणि तो कागद जपून ठेवायचा, रेडिओची वर्गणी त्याशिवाय थांबत नाही. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत परत यायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि ती तिथल्या खात्यात सहज येते, भारतातल्या खात्यात कटकटीने. किल्ली देताना खोलीच्या चारही कोपऱ्यांचे आणि खिडकीच्या चौकटीचे फोटो हाउसमाइस्टरसमोर काढा, मीटरचा आकडा लिहून त्याची सही घ्या. पेटीवरची पट्टी राहू द्या. गुणपत्रिका मार्चनंतर येते आणि मजल्यावरचं कुणीतरी ती उचलून फोटो पाठवतं.