सांडपाणी प्रकल्प आला, तर घरपट्टीच्या पावतीवर काय येतं?

कोकणातल्या नगरपरिषदांत सध्या सांडपाणी प्रकल्पाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, ‘निधी किती मंजूर झाला?’ माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० आणि अमृत २.० या २०२१ साली सुरू झालेल्या योजनांतून बांधकामासाठी अनुदान मिळू शकतं. पण प्लांट चालू झाल्यावर वीजबिल, ऑपरेटरचा पगार, पंपाची दुरुस्ती आणि गाळाची विल्हेवाट हा सगळा भार नगरपरिषदेवर, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांवर येतो. तो पंधरा-वीस वर्षं येत राहतो, म्हणून हिशोब तिथून सुरू करायला हवा.

वीस हजार वस्तीचं गाव धरूया. मालवण-अलिबागच्या आसपासचा आकार. सरकारी निकषाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी दिलं, तर त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. गावाचे झाले रोजचे २१ लाख ६० हजार लिटर. चढ-उताराच्या गावात मधली पंपिंग स्टेशनं आणि प्लांटचे ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे पंखे) मिळून हजार लिटरमागे ०.४ युनिट वीज धरली, तर दिवसाला ८६४ युनिट लागतात. युनिटला ८ रुपये दराने वर्षाचं बिल २५ लाखांच्या थोडं वर जातं. तीन पाळ्यांत मिळून आठ माणसं, प्रत्येकी १८ हजार पगार धरून १७ लाख. क्लोरीन, नमुन्यांची तपासणी, पंपाचे सील आणि बेअरिंग, गाळ वाहून नेणं याला २० लाख धरा. बेरीज ६२ लाखांच्या आसपास. पाच हजार घरांत वाटली तर घरामागे वर्षाला १,२५० रुपये, म्हणजे महिन्याला शंभर-एकशेपाच. हे आकडे अंदाजाचे आहेत, आपल्या गावाचे घालून बघावेत.

खरी गंमत पुढे आहे. पाच हजारांपैकी दोनच हजार घरांनी जोडणी घेतली, तर वीज कमी लागेल, १० लाखांत भागेल. पगार मात्र तेवढेच राहतात आणि बाकीचा खर्चही १५ लाखांखाली फारसा येत नाही. मग ४२ लाख दोन हजार घरांवर पडतात आणि घरामागचा आकडा २,१०० च्या वर जातो. शिवाय मैला कमी आला की प्लांटच्या टाकीत तो पचवणाऱ्या जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही आणि प्रक्रियाच नीट चालत नाही. म्हणून प्रकल्प अहवालात ‘किती घरं कोणत्या वर्षी जोडली जाणार’ हे पान मी सगळ्यात आधी वाचतो.

जोडणी का रखडते? कारण चेंबरपासून घरापर्यंतचा खर्च बहुतेक ठिकाणी घरमालकाचा. रस्त्यापासून पंधरा मीटर आत घर असेल, तर ११० मिलिमीटरचा पाइप ६० ला १ उताराने टाकावा लागतो, म्हणजे तेवढ्या अंतरात २५ सेंटिमीटर खाली जावं लागतं. प्रत्येक वळणावर तपासणी चेंबर आणि न्हाणीच्या पाण्यासाठी गली ट्रॅप हवा, नाहीतर वास घरात येतो. मातीत हे काम एका दिवसाचं आहे. जांभ्यात ब्रेकर लावावा लागतो आणि मजुरी पाइपच्या किमतीवर जाते. त्यातून आपल्याकडे कितीतरी वाड्यांत घरं रस्त्याच्या खालच्या अंगाला, पाखाडी उतरून. तिथलं पाणी उताराने रस्त्यावरच्या गटारवाहिनीत चढणार नाही. वाहिनी खालून व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने न्यावी लागते किंवा घरोघरी पंप बसवावा लागतो. नकाशावर रस्त्यांच्या रेघांवर वाहिन्या आखल्या की ही घरं सुटतात, आणि कर मात्र त्यांनाही लागतो.

दुसरं मोठं नुकसान पावसाचं. अंगणातलं आणि पन्हळीचं पाणी ‘सोयीचं पडतं’ म्हणून मैल्याच्या चेंबरात सोडायची सवय सगळीकडे आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात पाच हजार लिटर पाणी जमतं. चार माणसांच्या घराचं रोजचं सांडपाणी ४३२ लिटर. म्हणजे एका सरीत एक घर आपलं साडेअकरा दिवसांचं पाणी प्लांटकडे ढकलतं. अशी शंभर-दोनशे घरं असली की पंप अखंड चालतात, टाकीतले जिवाणू पाण्याबरोबर वाहून खाडीत जातात आणि ते पुन्हा वाढेपर्यंत कित्येक दिवस प्लांटमधून अर्धंमुर्धं शुद्ध झालेलं पाणी बाहेर पडतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या पट्ट्यात याला अपवाद म्हणता येत नाही. जून ते सप्टेंबरचं वीजबिल मे महिन्याच्या दीडपट-दुप्पट दिसलं, तर चोर कुठे आहे ते समजून जावं.

खाडीकाठच्या गावात आणखी एक त्रास. उधाणाच्या भरतीला वाहिनीच्या सांध्यांतून खारं पाणी आत शिरतं. ते उपसायला वीज जाते, पंपाचे भाग गंजतात आणि शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार उरतात. ते पाणी मग बागायतीच्या उपयोगाचं राहत नाही. डिसेंबर ते मे या तुटीच्या काळात कलमांना आणि बांधकामांना प्रक्रिया केलेलं पाणी विकून नगरपरिषद खर्चातला काही भाग भरून काढू शकते, पण अहवालात त्याचं उत्पन्न धरण्याआधी भरतीच्या वेळी घेतलेला क्षाराचा नमुना बघायलाच हवा.

आता दुसरी बाजू, काहीच न करण्याची किंमत. आपल्या बहुतेक घरांमागे सेप्टिक टँक आहे आणि ‘वीस वर्षांत एकदाही भरली नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं. वापरातली टाकी भरत नसेल तर ती गळते आहे. तळाला काँक्रीट नाही, चिऱ्याच्या भिंतींना आतून गिलावा नाही, आणि जांभा तर छिद्राछिद्रांचा. मैल्याचं पाणी थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोहोचतं. सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० प्रमाणे टाकीचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर लांब हवा. पाच गुंठ्यांचा चौरस तुकडा जेमतेम साडेबावीस मीटर लांब-रुंद. त्यात घर, आपली विहीर, शेजाऱ्याची विहीर आणि शोषखड्डा, हे अंतर राखून बसतच नाही. पावसाळ्यात भूजल वर आलं की शोषखड्डा पाणी घेत नाही आणि सगळं गडग्याखालून उताराला लागतं.

याचा पैसा घरटी जातो, पण पावतीवर दिसत नाही. विहीर दारात असून वीस लिटरचे जार विकत घेणं, गॅस्ट्रो-काविळीचा दवाखाना, बुडालेली मजुरी. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून त्या दिवसाचे जिवाणू मरतात, झिरपणं थांबत नाही. खाडीत तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बायकांचं नुकसान तर कुणी मोजतच नाही. हे जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे मैल्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. त्या खाडीचं नाव एकदा खराब झालं की भाव पडतो, आणि निर्यातीचा तर विचारच नको. पर्यटनाचंही तसंच. आंघोळीच्या समुद्राच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष १०० मिलिलिटरमागे १०० विष्ठाजन्य जिवाणूंचा आहे, तर २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याला १,००० पर्यंत मुभा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हीच मर्यादा २३० वर आणायला सांगितलं. दोन्ही आकडे १०० च्या वरच, म्हणून पाणी कुठे सोडलं जातं याला फार महत्त्व आहे. पुळणीच्या तोंडाशी येणाऱ्या व्हाळात सोडलं तर नवा प्लांट असूनही किनारा नापास होऊ शकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की लहान गावात सगळीकडे वाहिन्या टाकू नयेत. बाजारपेठ, एस. टी. स्टँड, हॉटेलांची रांग, अपार्टमेंट, एवढ्या दाट भागात वाहिनी घालावी. तिथे जमीन मोकळी होते, खोल्या वाढवता येतात, न्याहारी-निवासाचा धंदा करणाऱ्याला त्याचा सरळ फायदा मिळतो. हॉटेलांना ग्रीस ट्रॅप सक्तीचा हवा आणि तो नियमित साफ झाला पाहिजे, नाहीतर तेल थिजून वाहिनी तुंबते आणि तिची सफाई सगळ्यांच्या करातून होते.

विखुरलेल्या वाड्यांना ठरलेल्या वेळापत्रकाने टाकी उपसणं परवडतं. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी २०१८ पासून हे करून दाखवलं आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीने उपसायची, पैसे करातून, आणि मैला वेगळ्या प्लांटमध्ये. पाच हजार टाक्या असतील तर वर्षाला १,६६७. पावसाळ्यात टँकर वाड्यांत उतरत नाही, म्हणून कामाचे २४० दिवस धरले तर रोज सात टाक्या. टाकीमागे तीन हजार लिटर म्हटलं तरी २० ते २५ हजार लिटरचा प्लांट पुरतो. आपल्याकडे गाळ सुकवायच्या वाफ्यांवर पारदर्शक छप्पर हवं आणि ते वाऱ्याला टिकेल असं बांधलेलं हवं, नाहीतर चार महिने गाळ सुकणारच नाही. टाकीमागे तीन हजार रुपये धरले, तरी घराला वर्षाला हजार पडतात.

मात्र त्याआधी टाक्या दुरुस्त व्हायला हव्यात. तळ आणि भिंती पाणीबंद, मधली आडभिंत, बाहेर जाणाऱ्या पाइपला टी (इंग्रजी T सारखा जोड). पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली पुरते. तयार प्लास्टिकची टाकी भर पावसात रिकामी करू नये, भूजलाच्या दाबाने ती वर उचलली जाते. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आत साठलेला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, तेव्हा काम सक्शन टँकरनेच करून घ्यावं.

वाहिनीची जोडणी मिळाली, तर जुनी टाकी तशीच सोडू नका. आधी उपसून घ्या, चुना मारा, तळाला दोन-चार भोकं पाडा आणि चिऱ्याचा चुरा किंवा वाळू भरून थरांत ठोकून घ्या. रिकामी राहिली तर त्यात डास होतात, आणि वरची फरशी काही वर्षांनी कुणाच्या तरी पायाखाली खचते. शोषखड्डाही त्याच दिवशी बुजवा, आणि दोन पावसाळे गेल्यावर विहिरीचं पाणी तपासून घ्या. छोट्या बाटलीतली तपासणी स्वस्त आहे, पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं तर दूषित. तसं झालंच, तर शेजारची कुठली टाकी अजून गळते आहे ते शोधावं लागेल.